शेतकी प्रदर्शनात मायक्रोबी

शेजारचा डार्सी किलमार्टिन ‘असेल’ म्हणाला, त्या दिवशी मी घाबरलो.

तसा हा काही घाबरण्यासारखा शब्द नाही. बायको विचारते, ‘दूध संपलंय का?’ आपण पेपरमधून डोकं वर न काढता ‘असेल’ म्हणतो आणि संसार पुढे चालू राहतो. पण मी डार्सीला कुंपणावरून म्हणालो होतो, ‘काही म्हण, तुझा कमोडोर म्हणजे पावाच्या डब्याला लावलेली बटणं. कॉम्प्युटर म्हणावा तर माझी मायक्रोबी!’ हे वाक्य मी त्याला १९८३ सालापासून ऐकवत आलो आहे. त्यावर त्याने रंग, आवाज आणि मेमरी या तीन विषयांवर मला धुऊन काढायचं, मी त्याच्या डिस्क ड्राइव्हच्या गोगलगायीसारख्या चालीवर घसरायचं आणि शेवटी कुणाचा तरी चहा थंड व्हायचा, ही आमची रीत. त्या दिवशी मात्र तो नळी हातात धरून त्याच्या टोमॅटोंच्या वाफ्याकडे बघत होता. टोमॅटो केव्हाच सुकून गेले होते. ‘असेल,’ तो म्हणाला आणि घरात गेला.

मी तसाच आत येऊन ग्लेनिसला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं, ‘डार्सीने हार मानली.’

‘कशात?’

‘कमोडोरच्या बाबतीत.’

ग्लेनिसने हातातली सुरी खाली ठेवली. तिलाही कळलं, प्रकरण गंभीर आहे.

त्याची बायको नोला गेल्या हिवाळ्यात गेली. त्यानंतर डार्सीचं हिंडणं-फिरणं बंदच झालं. आयुष्यभर औषधाचं दुकान चालवून अख्ख्या गावाला गोळ्या देणारा माणूस स्वतः पडदे लावून बसू लागला. मुलगा पर्थला. तो म्हणतो, घर विका आणि माझ्याजवळ या. पर्थ म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे गेलेला माणूस नाताळला फोन करतो आणि पुढे तेही मुलांवर सोपवतो. डार्सीने अजून होकार दिला नव्हता, पण नकारही दिला नव्हता. आणि ‘असेल’ म्हणणारा माणूस कशालाही होकार देऊ शकतो.

मी त्याला सरळ ‘जाऊ नकोस’ म्हणू शकलो असतो. दाढी करताना आरशासमोर म्हणूनही पाहिलं. फार विचित्र दिसलं. आमच्या गावात पुरुष एकमेकांना असलं काही बोलत नाहीत. फार प्रेम उतू गेलं तर दुसऱ्याच्या गाडीचं तेल बदलून देतात. डार्सीच्या गाडीचं तेल मी नोला गेल्यापासून तीनदा बदललं होतं आणि गाडी गॅरेजमधून हललीच नव्हती. तेव्हा प्रेमाचा मार्ग संपला होता. राहिला अपमानाचा.

आमच्या दोघांच्या घरांसमोरच, रस्त्यापलीकडे, गावाचं प्रदर्शनाचं मैदान आहे. मार्चमध्ये तिथे शेतकी प्रदर्शन भरतं. बैल, मेंढ्या, कोंबड्या, डेलियाची फुलं, स्पंज केक, लोकरीचे मोजे, सगळ्यांच्या स्पर्धा. तिथे चारचौघांत माझी मायक्रोबी मांडायची, शेजारी ‘कमोडोरपेक्षा सरस’ असा फलक लावायचा, आणि समोरच्या घरातला कमोडोरवाला चवताळून रस्ता ओलांडतो की नाही ते बघायचं, असा माझा बेत होता. निवृत्त गणित शिक्षकाचा बेत तो. कागदावर अगदी बिनचूक होता.

प्रदर्शनाच्या चिटणीस मॉरीन ट्रँटर. मैदानाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत त्या बसतात. मी त्यांच्या मुलाला बीजगणितात नापास केलं होतं, त्याला आता तीस वर्षं झाली. मॉरीनबाईंच्या हिशोबाने ते परवाच घडलं आहे.

‘वस्तू?’ त्यांनी विचारलं.

‘कॉम्प्युटर.’

‘वर्ग कुठला?’

‘तेच विचारायला आलोय.’

त्यांनी नियमांची पुस्तिका उघडली. नुसत्या कोंबड्यांचे वर्ग वाचताना त्यांना दोनदा पाणी प्यावं लागलं. कोंबड्याच्या शेपटीच्या रंगावरून वेगळा वर्ग आहे, पण मानवी बुद्धीच्या या झेपेसाठी एक ओळसुद्धा नाही. ‘जुनी आहे म्हणतोस ना? मग जुन्या इंजिनवाल्यांकडे जा,’ त्यांनी निकाल दिला.

जुन्या इंजिनवाल्यांची शेड मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे म्हातारे लोक आपापली रॉकेलवरची इंजिनं पुसत बसलेले असतात. त्यांच्या म्होरक्याने माझं सगळं नीट ऐकून घेतलं.

‘धूर सोडते?’

‘नाही.’

‘तेल कुठे घालायचं?’

‘तेल लागत नाही.’

‘मग ते इंजिन नव्हे, नेव्ह. ते फर्निचर आहे.’

मी परत पत्र्याच्या खोलीत. शेवटी हस्तकला विभागात ‘वर उल्लेख न केलेली कोणतीही वस्तू’ असा एक वर्ग सापडला. गेल्या वर्षी त्यात बाटलीच्या झाकणांची मगर पहिली आली होती. पण त्यालाही अट होती. वस्तू स्वतःच्या हाताने केलेली हवी.

‘हातानेच केली आहे!’ मी जवळजवळ ओरडलोच. आणि ते खरं होतं. मायक्रोबी तेव्हा सुट्या भागांत मिळायची. खोकं आलं की जेवणाच्या टेबलावर पसरायचं आणि एकेक भाग सोल्डर करून कॉम्प्युटर जोडायचा. डार्सीने आपला कमोडोर दुकानातून उचलून आणला होता. आमच्या वादात हा माझा हुकमाचा एक्का असायचा.

‘कधी केलीस?’ मॉरीनबाई.

‘त्र्याऐंशी साली.’

‘गेल्या दोन वर्षांत केलेली हवी. ही शिळी आहे.’

माझ्या मायक्रोबीला आजवर लोकांनी हिरवट, मुकी, हळू असं बरंच काही म्हटलं आहे. म्हणजे डार्सीनेच म्हटलं आहे. पण शिळी? मी तिथल्या तिथे जाहीर केलं की नवी करून आणतो. माणसाने अपमानाच्या भरात काही जाहीर करू नये. सिडनीकडचा एक भला माणूस अजून जुन्या आराखड्यावरून तसेच बोर्ड करून विकतो. त्याच्याकडून बोर्ड आला, भाग आले, आणि मी पुन्हा जेवणाच्या टेबलावर बसलो.

‘गेल्या वेळचा चटका अजून आहे टेबलावर,’ ग्लेनिस म्हणाली. ‘त्यावर मी चाळीस वर्षं फुलदाणी ठेवतेय.’

‘या वेळी काळजी घेईन.’

‘दुसरी फुलदाणी आणू का तेवढ्यात?’

चाळिशीत आलेला चष्मा आणि सत्तरीत आलेला चष्मा असे दोन एकावर एक चढवून मी कामाला लागलो. भाग पूर्वीइतकेच होते, पण मधल्या काळात कुणीतरी ते बारीक केले असावेत. मध्येच शेजारपाजारचे डोकावून जात आणि प्रत्येकजण सल्ला ठेवून जाई. कुणी म्हणालं, सोल्डर करताना श्वास रोखून धर. मी धरला; चक्कर आली. कुणी म्हणालं, घट्ट बसत नसेल तर बटाट्याचं पाणी लाव. हा सल्ला कशावरचा होता ते मला अजून कळलेलं नाही. पहिल्यांदा वीज सोडली तेव्हा एक चिप उलटी बसली होती. छान पांढरा धूर निघाला. इंजिनवाल्यांना बोलावून आणावं असं क्षणभर वाटलं.

चिप बदलली. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली आणि मी एकटाच टाळ्या वाजवल्या. मग कॅसेटचा प्रश्न. त्या काळी प्रोग्रॅम साध्या गाण्याच्या कॅसेटवर ठेवायचे. टेप लावली की ती किंचाळत राहते आणि त्या किंचाळण्यातून कॉम्प्युटर काय ते समजून घेतो. मी स्वतः लिहिलेला मेंढ्यांचा खेळ होता. कुत्र्याने मेंढ्या हाकून कोंडवाड्यात घालायच्या. कुत्रा म्हणजे एक चौकोन आणि मेंढ्या म्हणजे गोल. पण कॅसेटला ओल लागली होती. ‘मंद आचेवर वाळवायची,’ असं गल्लीत एकमताने ठरलं. ग्लेनिसने तेव्हा टोमॅटो वाळवायच्या यंत्रात स्पर्धेसाठीचे टोमॅटो लावले होते. मी फक्त सर्वात खालच्या ताटलीत, एका कोपऱ्यात, कुणाच्या अध्यातमध्यात न येता ती कॅसेट सरकवली.

कॅसेट उत्तम वाळली. फक्त तिच्यावरचं ‘मेंढ्या’ लिहिलेलं लेबल सुटून एका टोमॅटोला चिकटलं, आणि तोच टोमॅटो ग्लेनिसच्या बरणीत काचेला लागून बसला. पुढे परीक्षकांनी तिच्या टोमॅटोंवर ‘चव चांगली, मेंढ्यांचा उल्लेख कळला नाही’ असा शेरा मारला. ग्लेनिस माझ्याशी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी फक्त स्वयंपाकघरातल्या भांड्यांमार्फत बोलली.

या सगळ्या काळात मी रोज कुंपणावर जाऊन डार्सीला खबर देत होतो. ‘नवी करतोय हं. चारचौघांत मांडणार. फलक लावणार.’

‘चांगलं आहे,’ तो म्हणे.

‘फलकावर कमोडोरचं नाव असेल!’

‘बरं.’

‘बघायला येशील ना?’

‘बघू.’ आणि एकदा म्हणाला, ‘परवा घर बघायला माणसं येणार आहेत, नेव्ह. तुझी कचऱ्याची पेटी जरा आत घेशील?’

मी पेटी आत घेतली. आत घेऊन तिला एक लाथही मारली. मला त्या माणसाचा राग येत होता आणि तो गेला तर मी संध्याकाळी कुणाशी भांडू, हे मला समजत नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी विजेच्या वस्तूंची तपासणी. तपासनीसाने माझी वायर दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखी उचलली आणि म्हणाला, ‘ही माझ्या आईच्या वयाची आहे.’ नवी वायर आणली, तेव्हा कुठे तिला तपासणीत पास झाल्याची गुलाबी चिठ्ठी लागली. मग परीक्षण. हस्तकलेच्या परीक्षक श्रीमती फेदरबी शेजारच्या गावाहून आलेल्या, हयात भरतकाम तपासण्यात गेलेली. त्यांनी मायक्रोबीकडे समोरून पाहिलंच नाही. झाकण काढायला लावलं आणि बोर्ड हातात घेऊन सरळ उलटा केला. भरतकामाची परीक्षा मागच्या बाजूने होते, हे आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. मलाच सुचलं नव्हतं.

‘हे टाके तुम्हीच घातलेत?’ त्यांनी सोल्डरवर भिंग धरून विचारलं.

‘हो.’

‘उजवीकडे सुबक आहेत. डावीकडे घाई केलीत. आणि इथे,’ त्यांनी नेमकी ती बदललेली चिप दाखवली, ‘इथे उसवून पुन्हा घातलंय.’

शाळेत मी मुलांच्या वह्या अशाच तपासत असे. त्या मुलांना काय वाटत असेल, ते मला तेव्हा कळलं. श्रीमती फेदरबींनी मला दुसरा क्रमांक दिला. वर्गात माझी एकट्याचीच वस्तू होती. ‘पहिला द्यावा असं काम नाही,’ त्या प्रेमाने म्हणाल्या, ‘पण प्रयत्न करत राहा.’

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडलं आणि खरं सांगतो, गर्दी झाली. मेंढ्यांचा खेळ खेळायला रांग लागली. पण खेळापेक्षा बोलणंच जास्त. साठीचे टक्कल पडलेले गृहस्थ येत, हिरव्या पडद्यासमोर थांबत आणि त्यांचा चेहराच बदलून जाई. ‘आमच्याकडे रबरी बटणांचा स्पेक्ट्रम होता. दाबलं की च्युइंगम दाबल्यासारखं वाटायचं.’ ‘आमच्या शाळेत ॲपल होता, पण हात लावायची परवानगी फक्त मास्तरांना.’ एक बाई म्हणाल्या, ‘मासिकातला प्रोग्रॅम मी दिवसभर बघून बघून टाइप केला होता. शेवटची ओळ राहिली आणि आईने व्हॅक्यूम क्लीनर लावायला प्लग काढला. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण मी अजून माफ केलेलं नाही.’ आणि त्या इतक्या मायेने हसल्या की आजूबाजूचे सगळेच हसले. कुणाचा चांगला यावर लगेच चार तट पडले. डार्सी असता तर त्याने एकट्याने चौघांना लोळवलं असतं. मी सारखा दाराकडे बघत होतो. समोरच्या घराचे पडदे बंदच होते.

दुपारी महिला मंडळाने चहाचं मोठं भांडं विजेवर लावलं आणि आमच्या हस्तकलेच्या शेडचा फ्यूज उडाला. वीज परत आली. मेंढ्या आल्या नाहीत. वीज गेली की मायक्रोबी सगळं विसरते. टेप पुन्हा लावायला गेलो तर माझ्या टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला. रांगेतले लोक जांभया देऊ लागले. शेडला लागूनच निवेदकाची खोली. तिथे बँडच्या कॅसेट लावायला अजून एक जुना टेपरेकॉर्डर आहे. निवेदक कॉलिन भला माणूस. ‘घे की,’ तो म्हणाला, ‘वायर इथूनच टाक खिडकीतून.’ बाहेर तेव्हा बक्षिसं मिळवलेल्या जनावरांची मिरवणूक गोल फिरत होती आणि कॉलिन एकेकाचं नाव पुकारत होता. मी वायर जोडली. बटण दाबलं.

आवाज वायरीतून मायक्रोबीकडे गेला. तो कॉलिनच्या यंत्रातून मैदानाच्या सगळ्या भोंग्यांवरही गेला.

तव्यावर ओलं फडकं टाकावं आणि त्यावर हजार रातकिड्यांनी भांडावं, तसा तो आवाज अख्ख्या गावावर पसरला. घोडी उधळली. लांब मानेच्या, लोकरवाल्या अल्पाकांनी जवळ दिसेल त्याच्यावर थुंकायला सुरुवात केली. वर्षातला सर्वोत्तम ठरलेला बैल, गळ्यात जांभळी फीत असताना, मैदानाच्या मधोमध खाली बसला. मॉरीनबाई पत्र्याच्या खोलीतून धावत निघाल्या. कॉलिनने घाबरून टेपरेकॉर्डरकडे हात नेला.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने टेप बंद केली असती. पण चालू झालेली टेप मध्येच थांबवायची नसते, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं आहे. घराला आग लागली तरी आधी टेप पुरी करायची, मग पाण्याची बादली. मी किंचाळलो, ‘हात लावू नकोस! अर्धं लोड झालंय!’

‘नेव्ह, बैल बसलाय!’

‘बसू दे! त्याला काय घाई आहे?’

कॉलिनने मला कोपराने बाजूला केलं. बोट बटणावर. इतक्यात दारातून दुसरा आवाज आला, ‘कॉलिन! खबरदार!’

दारात डार्सी उभा होता. पायात सपाता, अंगात मळका स्वेटर, दाढी वाढलेली, रस्ता धावत ओलांडल्यामुळे धाप लागलेली. त्याने कॉलिनचा हात धरून मागे ओढला आणि माझ्यावर खेकसला, ‘गाढवा, आवाज किती ठेवलायस? घरात बसून मला ऐकू येतंय की फाटतोय. असाच ठेवलास तर शेवटी येऊन चुकेल! कमी कर. थोडा. अजून थोडा. बस! आता कुणी हलायचं नाही.’

आणि तो दारात आडवे हात पसरून उभा राहिला. बाहेर मॉरीनबाई, बैलाचा मालक आणि थुंकीने भिजलेले दोन-तीन मान्यवर आत यायला धडपडत होते. चाळीस वर्षं मायक्रोबीला नावं ठेवणारा माणूस तिच्या टेपसाठी छातीचा कोट करून उभा होता. ‘अजून थोडंच आहे,’ तो सगळ्यांना सांगत होता, ‘ऐका ना, शेवटचा तुकडा चाललाय!’ माझे डोळे भरून आले. मी ते पुसले नाहीत, कारण हललो असतो तर तो ओरडला असता.

आवाज थांबला. शेडमधून कुणीतरी ओरडलं, ‘मेंढ्या आल्या!’ आणि टाळ्या पडल्या.

डार्सी शेडमध्ये येऊन पडद्यासमोर उभा राहिला. आधी त्याने माझा फलक वाचला. मग मेंढ्या बघितल्या. मग शेजारचं बक्षिसाचं कार्ड.

‘दुसरा?’ तो म्हणाला. ‘पहिला कोण आला?’

‘कुणीच नाही.’

‘म्हणजे वर्गात किती होते?’

‘मी एकटा.’

तो हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग टेबलाला धरून. ‘एकटा होतास आणि दुसरा आलास! अरे, हे फक्त मायक्रोबीच करू शकते!’ नोलाच्या जाण्यानंतर मी तो आवाज ऐकला नव्हता. मग डोळे पुसत तो सुरू झाला. ‘काय हे हिरवं-काळं? कुत्रा कुठला, मेंढी कुठली? माझ्या कमोडोरमध्ये सोळा रंग. मेंढी पांढरी दिसते मेंढी! आणि ओरडते!’

‘तुझ्या मेंढ्या डिस्कवरून येईपर्यंत लोकर कातरायचा मोसम जाईल,’ मी म्हणालो.

आमचा आवाज असा चढत असतानाच मॉरीनबाई येऊन पोचल्या. त्यांनी बैलाबद्दल, अल्पाकांबद्दल आणि बीजगणिताबद्दल जे काही बोलायचं होतं ते बोलून घेतलं. मग बाहेर दारापर्यंत गेलेली रांग बघितली आणि चिटणीसपणा जागा झाला. ‘पुढच्या वर्षी जुन्या कॉम्प्युटरचा वेगळा वर्ग काढायला हरकत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पण एका माणसासाठी वर्ग निघत नाही. निदान दोन हवेत.’

‘मी आहे की,’ डार्सी म्हणाला. ‘घाल माझं नाव.’

‘तुझं नाव नाही घालता येणार.’

‘का?’

मॉरीनबाईंचा आवाज जरा उतरला. ‘स्पर्धा फक्त इथल्या रहिवाशांसाठी आहे, डार्सी. तू पर्थला चाललायस ना? सगळा गाव म्हणतोय.’

मी आरशासमोर म्हटलेलं ते वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. शेवटी मी एवढंच म्हणालो, ‘डार्सी, तू गेलास तर मी पुढच्या वर्षी परत एकटाच दुसरा येईन रे.’

डार्सीने माझ्याकडे बघितलं. मग मॉरीनबाईंकडे वळला.

‘गावाला काही कळत नाही,’ तो म्हणाला. ‘मुलाला मी आज फोन करतो. तू रहिवासी लिही. आणि माझं टेबल याच्यापासून जरा लांब ठेव. माझ्याकडे रंग आहेत, गर्दी होईल.’

यावर माझ्याकडे अगदी झणझणीत उत्तर तयार होतं. पण मी ते गिळलं. घाई कसली होती? अख्खं वर्ष पडलं होतं.